चादरीवरची शेवंती

आई, आपली निळी चादर मी गेल्या महिन्यात स्कॅन केली. मधली घडी विरली आहे, कडा अजून धड आहेत. तू बोईसरला ज्या छपाईच्या कारखान्यात ट्रेसिंग करायचीस, तिथल्या शेठचा मुलगा आता धंदा बघतो. त्याला तुझं शेवंतीचं डिझाइन पुन्हा छापायचं आहे. तुझ्या हातच्या फिल्म गोदामातल्या ओलीने एकमेकींना चिकटल्यात, सोडवायला गेलं की शाईच निघून येते. फोनवर म्हणाला, "ताई, चादरीवरून उतरवता आलं तर उतरवा. नाही जमलं तर सुरतेहून तयार शेवंती मागवतो." तू इतकी वर्षं जे काढलंस, त्यातली तू गेल्यावर माझ्याकडे ही चादर तेवढी उरली आहे. मी हो म्हटलं.

शाळेला सुट्टी असली की तू मला आपल्या पाम गावाहून कारखान्यात बरोबर न्यायचीस. काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वर पारदर्शक फिल्म. एका रंगाला एक फिल्म, तिच्यावर काळ्या शाईने तेवढ्याच रंगाचा भाग काढायचा, मग त्याची जाळी बनणार आणि जाळीतून कापडावर रंग उतरणार. तू नवा ब्रश आणायचीस आणि आणल्या आणल्या त्याचे केस ब्लेडने कापायला बसायचीस. चांगली वस्तू ही बिघडवते का, असं मला वाटायचं. मोजके केस उरले की तू तो ओठांत ओला करून टोक बघायचीस. एकदा शेजारच्या टेबलावरची मावशी म्हणते, "दे ना गं जरा तुझा." तू मान वर न करता म्हणतेस, "आज हा मागते, उद्या दात घासायचा मागशील. तो पण नाय देणार." सगळ्या हसतात. त्याच दिवशी तू माझ्यासाठी एक ब्रश कापून दिलास आणि फिल्मचा एक तुकडा पुढे सरकवलास. मी कोपऱ्यातलं पान काढायला वाकडी झाले, तर पाठीत धपाटा. "मान काय मोडते बाय? फिल्म फिरव. हात हाय तिथंच राहू दे."

आता मी पालघरला एका स्टुडिओत असते आणि पेन टॅब्लेटवर काम करते. काळी पाटी, तिच्यावर पेन चालतं, रेघ समोरच्या स्क्रीनवर उमटते. माझ्या सॉफ्टवेअरमध्ये रेघ म्हणजे गणित असतं, कितीही मोठी केली तरी फाटत नाही. मी चादरीवरची सर्वांत स्वच्छ पाकळी निवडली, तिची कडेची रेघ वेगळी काढली आणि तिचा ब्रश बनवला. मग पेनाने कुठलंही वळण काढलं की तुझीच रेघ त्याच्यावर ताणून बसायची. सुरुवातीला बारीक, पोटात जाड, शेवटाला अलगद उचललेली. दुपारभरात सगळी शेवंती तयार झाली. पद्धत बरोबर आहे याची मला खात्री होती.

नमुना छापायला बोईसरला गेले. छपाईचे मास्तर तुझ्या वेळचेच आहेत, केस सगळे पांढरे झालेत. त्यांनी ओलं कापड दाराच्या उजेडात धरलं. "क्यों बेटा, सब पंखुड़ियाँ जुड़वाँ पैदा हुई हैं क्या?" तोवर मलाही दिसलं होतं. मी निवडलेल्या पाकळीत तुझा ब्रश एका जागी किंचित अडला होता, आणि ते अडणं आता कापडभर, प्रत्येक पाकळीत, त्याच जागी होतं. शेठचा मुलगा म्हणाला, "ताई, सोमवारपर्यंत थांबतो."

परत येऊन मी तो ब्रश काढून टाकला. साधा गोल ब्रश घेतला, जाडी फक्त पेनाच्या दाबावर ठेवली. रेघ आपोआप गुळगुळीत करणारी सोय जवळजवळ शून्यावर आणली, कारण ती माझ्या हाताला इस्त्री करत होती. चादर शेजारच्या टेबलावर अंथरली आणि एकेक पाकळी बघून काढू लागले. मान दुखायला लागली तेव्हा मी स्क्रीनवरचं चित्रच फिरवलं. पहिल्या दिवशीच्या सगळ्या पाकळ्या पुसाव्या लागल्या. पुढे हात चालू लागला.

नमुना पास झाला. सुरतेची शेवंती येणार नाही. मास्तरांनी कापडावरून तळवा फिरवला आणि म्हणाले, "वही हाथ है। बिल्कुल वही।"

आई, तो तुझा हात नाही. तुझी पाकळी शेवटाला उचललेली असते, माझी टेकते. दोन्ही कापडं शेजारी ठेवली तर कुणालाही दिसेल. पाकळ्या काढायच्या शेवटच्या दिवशी मी चादरीकडे बघितलंच नाही, ती घडी करून कपाटात ठेवली होती. हे मी मास्तरांना आणि शेठच्या मुलाला सांगितलं नाही, आणि हे पत्र जाणार कुठेच नाही, म्हणून इथे लिहिते. मला माझी पाकळी आवडली.