लेस्तारी आंटींची भजी

६ मे, बुधवार
आई जेवल्या! म्हणजे भजी खाल्ली — चार, एकामागून एक!
मामंजींना जाऊन दोन महिने झाले. तेव्हापासून सासूबाई दोन घास वरणभातावर. अभयने त्यांना पुण्याहून इथे परदेशात, आमच्याकडे बेडोकला आणलं, तरी तेच. आज शेजारच्या लेस्तारी आंटी बशी घेऊन आल्या. त्या मूळच्या इंडोनेशियातल्या, सेमारांगच्या. कोबी-गाजराची चपटी, कडेला कुरकुरीत भजी. "बकवान. व्हेजिटेबल ओन्ली, लाह!"
आई म्हणाल्या, "अजून आहेत का गं?"

८ मे
रोज बशी येते. रोज रिकामी होते. मी शिकून घेणार.

९ मे, शनिवार

आंटींकडे गेले. आधी नावाची गोष्ट. पदार्थ चिनी लोकांबरोबर जावात आला, म्हणे. त्यांच्या भाषेत 'बाक' म्हणजे मांस! मी उडालेच. त्या हसल्या — मांस कधीच गेलं, भाज्या आल्या, नाव राहिलं. बांडुंगला यालाच बाला-बाला म्हणतात.
कोबी, गाजर, मोड आलेले मूग, मैदा. लसूण-धणे कुटले. मग एक बरणी उघडली, आणि तो वास! सुका जवळा. मूठभर, थेट खलबत्त्यात.
"आंटी, हे रोज घालता?"
"थोडंसंच. चवीला!"
त्यांच्या लेखी तो मसालाच. पण आई? चातुर्मासात कांद्यालाही न शिवणारी बाई! तीन दिवस मी त्यांना काय खाऊ घातलं!

१० मे
अभय पांढराफटक पडला. "आईला सांगू नकोस. अन्नच सोडेल ती."

११ मे
"आज बशी नाही आली?" — आईंनीच विचारलं. खोटं बोलवेना. सांगून टाकलं.
खोलीत गेल्या, दार लावलं. जेवायला आल्या नाहीत. अभय माझ्याशी बोलत नाहीये.

१२ मे
दुपारी त्यांनीच दार उघडलं. दोघांना समोर बसवलं.
"जवळा आहे ते मला पहिल्याच घासाला कळलं होतं."
मी अभयकडे पाहिलं.
"मी रेवदंड्याची. कोळ्याची मुलगी. लग्नाच्या वेळी यांच्या आईची एकच अट — माहेर तोडायचं, मुलांना सांगायचं नाही. एक्कावन्न वर्षं पाळली. वाटलं, जाताना तरी हे मला मोकळं करतील. नाही केलं."
अभय म्हणाला, "पण तू तर म्हणायचीस, तुझं कुणी उरलं नाही —"
"बहीण आहे," आई म्हणाल्या. "असेल तर."

१३ मे
बहिणीचा नंबर पोथीत जपून ठेवला होता त्यांनी. लागला!
आई एवढंच म्हणाल्या, "मी सरू."
पलीकडून एक म्हातारा, चिडलेला आवाज — "एवढा उशीर?"