ट्रॅव्हिसच्या वीस पुंगळ्या

लोर्ना,

जेवायला थांबू नकोस. नाल्यापलीकडचं कुंपण बघायला जातोय. तोंडावर सांगायची हिंमत झाली नाही.

सकाळी माझ्या समजून आपल्या ट्रॅव्हिसच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या पुन्हा भरायला म्हणून दाबयंत्रात घातल्या. डब्यावरचं त्याचं अक्षर बघितलंच नाही. तो गेला त्याच्या आदल्या आठवड्यात झाडलेल्या होत्या त्या. त्याच्या रायफलीत फुगून तिचाच आकार घेतलेल्या. तो आकार राहावा म्हणून पोरगा पुन्हा भरताना पुंगळीचं नुसतं तोंड दाबायचा. मी मूर्खासारखा अख्ख्या दाबून कारखान्याच्या मापाच्या करत बसलो.

एकोणीस गेल्या. आता त्या कुणाच्याही रायफलीत बसतील.

विसावी दाबली नाही, तशीच तुझ्या खिडकीत ठेवलीय. तिला दाबण्याआधीचं तेल लावून झालं होतं, तेवढं पुसून घे. मला पुसवेना.

डेल