ताटांची वही

श्रीरामपूर,
सोमवार, १० जानेवारी १९९४

ती. भीमराजमामांस,
यशोधराचा सप्रेम जय भीम. वि. वि.

मामा, क्लब कुणाचा असतो? कालपासून विचार करतेय, पण मला उत्तर येत नाही. माझ्या पदवीचा कागद आईने काच लावून भिंतीवर टांगलाय. त्याच्याकडे बघत बसले तरी येत नाही.

आधी आनंदाची बातमी सांगते. काल नगरला आपला मैत्री संघ रविवार लीगचा अंतिम सामना एक-शून्यने जिंकला. तुम्ही संघ काढल्याला अठरा वर्षं झाली, ढाल पहिल्यांदाच आली. गोल तुम्ही खडकीहून पाठवलेल्या पंकजने केला, शेवटच्या पाच मिनिटांत, डाव्या पायाने. आप्पा टेम्पोच्या टपावर चढले ते राहुरी येईपर्यंत उतरलेच नाहीत. झुंबरबाईंचा घसा इतका बसलाय की आज त्यांनी सगळी भाजी हातवारे करून विकली. सहा वर्षं संघाचा खर्च उचलणारे गहिनीनाथशेठ तर लहान मुलासारखे रडले.

आता दुसरी बातमी. हरलेल्या संघाने लीगकडे तक्रार केली आहे की आम्ही पंकजला पैसे देऊन खेळवलं. लीगचा नियम तुम्हाला माहीतच आहे. बाहेरगावच्या खेळाडूला येण्याजाण्याचं भाडं आणि खुराक द्यायचा, खेळण्याबद्दल पैसा द्यायचा नाही. सगळा खर्च तक्त्यात लिहून चिटणिसाने सही करून पाठवायचा. चिटणीस मी आहे. डिसेंबरात शेठ तक्ता घेऊन आले, ताई तुमची सही लागते म्हणाले, आणि मी केली. खरं सांगते, मामा, मी तो वाचला नाही. आपल्या घरात कुणाची सही कुणाला लागते, याचंच मला इतकं अप्रूप वाटलं की मी फक्त सही वळणदार कशी येईल ते बघितलं.

काल रात्री तक्त्याची प्रत काढली. त्यात पाच महिन्यांचं, छबूबाईंच्या स्टेशनजवळच्या खानावळीचं, पंकजच्या जेवणाचं बिल आहे. पंकज त्या खानावळीत एकदाही जेवलेला नाही. आपल्याकडे बाहेरचा खेळाडू पाळीपाळीने घरोघर जेवतो, ही रीत तुम्हीच घालून दिलीत. कोणत्या शनिवार-रविवारी तो कुणाकडे जेवला, हे मी ताटांच्या वहीत लिहिते. बावीस घरं आहेत. आपल्या घराच्या नावापुढे तर मी ‘पाच भाकरी, दोनदा आमटी’ असंही लिहून ठेवलंय. म्हणजे बिल खोटं, आणि जेवणाच्या नावाखाली पैसे दुसरीकडेच गेले.

मैदानावरच्या कडुनिंबाखाली आज दिवसभर वाद चालू होता. अर्धे म्हणतात की जर्सी शेठची, बूट शेठचे, टेम्पो शेठचा, तर क्लब त्यांचाच, त्यांनी काहीही करावं. अर्धे म्हणतात की अठरा वर्षं रविवारी पहाटे उठून मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेषा ज्यांनी मारल्या, क्लब त्यांचा. तीस तारखेला लीगच्या समितीने मला नगरला बोलावलं आहे. वही आहे हे समितीला माहीत नाही. मी काय करू, ते लवकर लिहा.

मामींना जय भीम. लोभ आहे तो राहू द्या, आणि दोन ओळी जास्तच लिहा.

तुमची,
यशोधरा

—

खडकी,
शनिवार, १५ जानेवारी १९९४

चि. यशोधरा हिस,
मामाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम. पत्र पोचले. वाचून हसलो, मग तुझ्या मामीला वाचून दाखवले, तीही हसली. दाजी टेम्पोच्या टपावर! त्यांना सांग, पुढच्या वेळी टपावरची जागा माझ्यासाठी राखून ठेवा.

माझे अक्षर लागत नसेल तर दोष माझ्या वाकड्या बोटांना दे. गोलरक्षकाची बोटे आहेत, चेंडू अडवण्यासाठी होती, टपालासाठी नाहीत.

तू पदवीधर झाल्यापासून प्रश्न फार विचारतेस. क्लब कुणाचा, याचे उत्तर सोपे आहे. जिंकला की सगळ्यांचा आणि हरला की चिटणिसाचा. आता शांतपणे ऐक. ताटांची वही ही आपली घरगुती गोष्ट आहे. कुणाकडे किती भाकरी झाल्या, हे समितीने विचारलेले नाही. तिने विचारले तेवढेच सांग. खानावळीचे बिल आहे, खाली तुझी सही आहे, विषय संपला.

आणि शिक्षा झाली तर ती कुणाला होईल, याचाही विचार कर. पेपरात वाचले असशील, फ्रान्समधल्या एका मोठ्या क्लबाचे अजिंक्यपद काढून घेतले. करणारे वर बसलेले, रडले मात्र गॅलरीतले लोक. आपली ढाल गेली तर शेठ दुसरा छंद शोधतील. झुंबरबाईंनी काय शोधायचे? अकरा पोरे उन्हातान्हात पळाली, त्यांनी काय गुन्हा केला? शिक्षा ज्याने केले त्याला व्हावी. ती तशी होत नसेल तर न झालेली बरी, असे माझे मत आहे.

वही ट्रंकेत ठेव आणि बी.एड.च्या अर्जाकडे लक्ष दे. तुझ्या आईला सांग, अक्का, थंडी आहे, पहाटे अंगणात बसू नकोस. मामावरचा राग शक्यतो धरू नये, धरलाच तर लवकर सोडावा.

तुझा,
भीमराजमामा

—

श्रीरामपूर,
गुरुवार, २० जानेवारी १९९४

ती. मामांस,
यशोधराचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. अक्षर लागलं. एक गोष्ट मात्र लागली नाही. दोन पानांत झुंबरबाई आल्या, दाजी आले, फ्रान्ससुद्धा आला. ज्या पंकजला तुम्ही स्वतः निवडून पाठवलंत, ज्याच्या गोलाने ढाल आली, त्याचं नाव एकदाही नाही. असं कसं झालं?

मंगळवारी गहिनीनाथशेठ आपल्या घरी आले. सहा वर्षांत पहिल्यांदाच. बाजेवर बसले, गुळाचा चहा प्यायले, भिंतीवरची पदवी वाचली. मला म्हणाले की ताई, तक्त्यावर सही तुमची आहे, बुडालो तर दोघंही बुडू. मला भीती वाटली, आणि रागही आला. पण जाताना दारात थांबून ते म्हणाले की मी जिनिंगमधला माणूस, मला कापूस कळतो, खानावळीची युक्ती माझी नव्हे. मग कुणाची, असं विचारलं तर म्हणाले की शब्द दिलाय, नाव सांगणार नाही. मामा, मला त्या क्षणी ते आवडले. चुकीचा माणूस असा मध्येच आवडायला लागला तर न्याय कसा करायचा?

शिक्षा काय असावी, यावर इथे रोज सभा भरते. आप्पांचं म्हणणं आहे की गुण कापा पण ढाल नेऊ नका. झुंबरबाई म्हणतात की शेठला भर दुपारी अनवाणी एका गोलपासून दुसऱ्या गोलपर्यंत पळवा, म्हणजे लीगही खूश आणि आम्हीही. यावर शेठच्या बाजूचे चिडले आणि म्हणाले की त्या न्यायाने बाईंनी पंचांना घातलेल्या शिव्यांबद्दल नगरपर्यंत पळावं लागेल.

आईला मी काही सांगितलं नव्हतं, पण शेठचं बोलणं तिने चुलीपासून ऐकलं. ते गेल्यावर तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. मग म्हणाली की पंकजला पैशे दिले ते दिले, त्याचं मला काय बी न्हाई. पर मी त्याला पोटच्या पोरावानी जेवू घातलं, आन् यांनी त्या भाकरीचं बिल केलं. माझी भाकर खानावळीची केली. एवढं बोलून ती पीठ मळायला लागली, ते इतकं जोरात की परात हलत होती.

तुम्ही लिहिता की वही ही घरगुती गोष्ट आहे. मला वाटतं, म्हणूनच ती खरी आहे. तरी ढाल गेली तर आप्पांचं तोंड कसं बघू, हे मला कळत नाही. झोप लागत नाही. ट्रंक उघडते, वही बघते, परत ठेवते.

शिक्षेवर एवढं बोलता, तर खेळाडूला पैसा न देण्याचा तो नियम लीगमध्ये आला कसा, तेवढं तरी सांगा. आणि पंकजबद्दल लिहा. लोभ कमी झाला तरी चालेल, खरं लिहा.

तुमची,
यशोधरा

—

खडकी,
मंगळवार, २५ जानेवारी १९९४

चि. यशोधरा हिस,
अनेक आशीर्वाद. आज थट्टा जमणार नाही.

तो नियम मीच मांडला होता. शहात्तर साली नगरच्या एका संघाने मला पैसे देऊ केले, आपल्याच संघाविरुद्ध उभे राहायला. मी नाही म्हणालो. घरी येऊन अक्काला सांगितले, तेव्हा तिने मला जास्तीची भाकरी वाढली. त्या भाकरीवरूनच मला घरोघर जेवणाची रीत सुचली. लीगच्या पुढच्या सभेत उभा राहिलो आणि म्हणालो की खेळाडूने भाकरी खावी, पगार खाऊ नये. टाळ्या पडल्या.

आणि खानावळीची युक्तीही माझीच.

पंकज वर्कशॉपमध्ये रोजंदारीवर आहे. सामन्यासाठी निघाला की शनिवारची रोजी बुडते. घरात तो, आई आणि शाळेत जाणारी बहीण. तो म्हणाला, काका, मला खेळायचे आहे, पण शनिवार परवडत नाही. मी शेठला सांगितले की त्याची रोजी भरून द्या. शेठ बिचकले, नियम आड येतो म्हणाले. तेव्हा मी सांगितले की खानावळीत दाखवा, जेवणाचे कोण तपासतो. मला वाटले, पोराची रोजी म्हणजे काही पगार नव्हे. अजूनही तसेच वाटते. पण तसे होते तर मी उघड सांगितले असते. सांगितले नाही, म्हणजे मला माहीत होते. शेठने माझे नाव झाकले, मी तुला वही झाकायला सांगितली. तुझी सही खाली आहे, हे तुझे पहिले पत्र वाचले तेव्हा कळले. तरी मी हसलो म्हणून लिहिले. हसलो नव्हतो.

आता तुला योग्य वाटेल ते कर. माझे नाव सांगायचे की नाही, तेही तूच ठरव. फक्त अक्काला कळू देऊ नकोस. समितीला मी तोंड देईन, तिला देता येणार नाही.

तुझा,
मामा

—

श्रीरामपूर,
मंगळवार, १ फेब्रुवारी १९९४

ती. मामांस,
यशोधराचा सप्रेम जय भीम. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं तेव्हा मी आईला नगरला नेण्याचं कबूल करून बसले होते. तिला म्हटलं, थंडीत कशाला येतेस. ती म्हणाली की वहीत माझ्या भाकरी हायत, मी येनारच. म्हणजे तुमची एक विनंती तिथेच मोडली. त्याबद्दल आधी माफी मागते, बाकी कशाबद्दल मागणार नाही.

रविवारी समितीसमोर मी पहिल्यांदा माझी सही सांगितली, न वाचता केलेली. मग वही टेबलावर ठेवली. अध्यक्ष बराच वेळ पानं उलटत होते आणि ‘पाच भाकरी, दोनदा आमटी’ इथे आल्यावर त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी विचारलं की पैसे खानावळीत दाखवायचं कुणी सुचवलं. शेठ खाली बघत बसले. मी तुमचं नाव सांगितलं, मामा. शहात्तर सालचा नियम तुमचा, हेही सांगितलं आणि पंकजच्या शनिवारबद्दलही. सांगताना आईकडे बघायचं धाडस झालं नाही.

निकाल असा. ढाल परत करायची. पुढच्या हंगामात चार गुण वजा करून सुरुवात. शेठना वर्षभर कोणतंही पद नाही, सामना बघायचा तर दोरीबाहेर आमच्यात उभं राहून बघायचा. मलाही वर्षभर चिटणीसपद नाही. हे मी स्वतःच मागून घेतलं, नाहीतर ते मला नुसती समज देऊन सोडत होते. पंकजवर बंदी नाही. कुणाची रोजी बुडत असेल तर ती उघडपणे लिहून भरून देता येईल असा नियम करा, असं मी म्हटलं. अध्यक्षांनी टिपून घेतलंय. करतील की नाही, माहीत नाही.

इथे सगळ्यांनी मला डोक्यावर घेतलेलं नाही. झुंबरबाईंनी काल मेथीची जुडी दिली, पण वर कोथिंबीर घातली नाही. तीन जणांनी तोंड फिरवलं. आप्पा दोन वेळा माझ्याशी न बोलता जेवले. काल संध्याकाळी मात्र चिंच घेऊन ढाल घासत बसले. मी जवळ गेले तर म्हणाले की परत द्यायची तर चकचकीत द्यायची, आपण जिंकलो होतो हे त्यांना दिसलं पाहिजे. नंतर घासायचा चोथा माझ्या हातात दिला, म्हणजे समेट झाला असं मी धरलं.

आणि आज सकाळी शेठच्या मालनबाईंचा निरोप आला. पुढच्या हंगामातल्या पहिल्या रविवारी पंकजचं ताट त्यांच्याकडे, वाढायला शेठ स्वतः. सहा वर्षांत वहीत त्यांचं घर नव्हतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं, असं त्या म्हणाल्या. खरं आहे. आम्ही त्यांना मालक समजून बाजूला बसवलं होतं.

आता आई. एसटीत ती राहुरीपर्यंत खिडकीबाहेर बघत बसली. राहुरीला भेळ घेतली, ती शेवटच्या कुरमुऱ्यापर्यंत खाल्ली. मग म्हणाली की भीमाला कळव, पुढच्या हंगामाचा पयला सामना असंल तवा त्यानं यावं, पहाटं उठून मैदानावर फक्की मारावी. मी विचारलं, आणि जेवायला? ती म्हणाली की त्याला छबूबाईची खानावळ लई आवडती ना, तितंच जेवू दे, आन् बिल मला दाखवू दे. एवढं बोलून ती हसायला लागली, ती श्रीरामपूरचं स्टँड येईपर्यंत हसत होती. डोळेही पुसत होती, पण ते मी तुम्हाला सांगू नये, असं तिने बजावलंय.

तिचा निकाल मला मान्य आहे, तुम्हालाही असावा. म्हणून शिकवणीचे पैसे हातात आल्याबरोबर छबूबाईंकडे गेले, तुमच्या नावाने एक ताट सांगितलं आणि पैसे भरून आले. पावती सोबत जोडली आहे. तिच्यावर माझी सही आहे, वाचून केलेली.

मामींना जय भीम. लोभ होता तेवढाच आहे, यायचा दिवस तेवढा कळवा.

तुमची,
यशोधरा