निळा ठिपका

७ एप्रिल २०२१
जमना चौदा तास एकाच जागी! गळ्यातला पट्टा हलला नाही की स्क्रीनवरचा तिचा लाल ठिपका पिवळा होतो. विश्रामभाईंना फोन लावला. सौराष्ट्रातल्या त्या जंगलात बावीस वर्षं पायी सिंहांचा माग काढणारा माणूस. म्हणाले, सिंहिणीचे डोळे चिकटलेत, नाक वाहतंय, मागचा पाय झटके देतोय. डिस्टेंपरचा विषाणूच. गावातल्या कुत्र्यांकडून आला असणार. कळपात आणखी सात जण आहेत, त्यातले तीन बछडे.

आणि मी कुठे? परदेशात, वेस्टमीडला, लॅबमधल्या खुर्चीत. सीमा बंद. इथून बाहेर पडायलाही परवानगी लागते, ती दोनदा नाकारली.

१० एप्रिल
जमना गेली. तिचा ठिपका मीच पुसला.

१२ एप्रिल
ठरलं. उरलेल्या सातांना रोज सकाळी गाठायचं, लांबून बघायचं — कोण खातंय, कोण लंगडतंय. एक दिवसही खाडा नको, असं मी बजावलं. विश्रामभाईंच्या खिशातल्या यंत्राचा निळा ठिपका मला इथे दिसतो. त्यांना फोनवर बोलायचा भारी कंटाळा. म्हणाले, "डॉट चल रहा है मतलब विश्राम चल रहा है, बेन."

२१ एप्रिल
विश्रामभाईंना ताप. थंडी वाजते म्हणे — एप्रिलमध्ये, सौराष्ट्रात! मी म्हणायला हवं होतं, पडून राहा. म्हटलं काय, तर बरं वाटलं की एक फेरी माराल ना? लिहिताना लाज वाटतेय.

यतिनला जेवताना सांगितलं. नवरा कसला, आरसा आहे. म्हणाला, "हल्ली तू माणसाबद्दल बोलतेस की सिंहाबद्दल, मला कळतच नाही." ताट तसंच टाकून उठले.

२३ एप्रिल
जमनाच्या नाकातल्या नमुन्याचा रिपोर्ट दोन दिवसांत आला होता. विश्रामभाईंचा यायला आठवडा लागेल म्हणतात. आज ठिपका घरातच.

२४ एप्रिल
निघाला! तिकडचे सकाळचे सहा, इथले साडेदहा. म्हणजे साधाच ताप होता तर! हळू चालले, वाटेत तीनदा थांबले, पण पोचले. नेहमीची ओढ्याकडची वाट सोडून गाडीवाटेने गेले. विचारलं तर मेसेज आला, पाय दुखतात. मग दुसरा — सातही जण खातायत. फोन उचलत नाहीत, घसा बसलाय. बसू दे! चालतायत ना!

२९ एप्रिल
आज ठिपका चार तास उशिरा निघाला. माझा जीव टांगणीला. न राहवून लिहिलं, "आज एवढा उशीर? बछड्यांची सकाळची वेळ चुकली." उत्तर नाही. पण पोचले, मोजले, सात.

मीच जरा जास्त बोलले. येताना पेंडल हिलला उतरून, तिथल्या देशी दुकानातून श्रीखंड आणलं. यतिनचाही राग काढायचा होता. दोघं बऱ्याच दिवसांनी हसलो.

८ मे
गावातल्या सगळ्या कुत्र्यांना लस टोचून झाली. बछडे तिन्ही ठणठणीत. एकाने म्हणे शेपटीशी खेळता खेळता कोलांटी खाल्ली! विश्रामभाई असलं कधी लिहीत नाहीत, खूश दिसतात. मी लिहिलं, कळप तुम्ही वाचवलात. सीमा उघडली की पहिली तुमच्याकडे येणार.

१२ मे
विश्रामभाईंच्या फोनवरून फोन आला. बोलत होत्या त्यांच्या पत्नी, रेखाबेन. काल तेरावं झालं.

२३ तारखेला त्यांना दवाखान्यात नेलं. आत कोणाला सोडत नव्हते. जाताना फोन आणि यंत्र रेखाबेनच्या हातात दिलं, लांबून सिंह कसे मोजायचे ते सांगितलं. डॉट थांबला तर बेन घाबरेल, म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून रोज त्याच जात होत्या. एकट्या. सिंहांना भिणारी बाई, सुतकातसुद्धा.

मग म्हणाल्या, "उनतीस को उनको जलाके आई, इसलिए देर हो गई थी. माफ करना, बेन."