ताईची किडनी

प्रिय ताई,

फोन केला असता, पण ही शेजारीच बसलेली असते आणि तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस, म्हणून लिहितोय. दुकान अजून उघडतो. काल एका पंपाची मोटर भरून दिली. तांब्याची तार बोटांतून निसटते आता, खोकल्याची उबळ आली की हात थांबवावा लागतो, पण वेढा चुकू दिला नाही. शाळेनं हाकललेल्या माणसाचं काम आहे, बघायला ये कधी.

केमोचा उपयोग संपला, हे तुला ठाऊक आहे. गाठ आता दुसऱ्या फुप्फुसातही दिसते. उरली ती इम्युनोथेरपी. तिच्याविषयी मी इतकं खोदून विचारलं की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, तुम्ही पेशंट आहात की परीक्षक? पण समजावलं नीट. शरीराच्या पहारेकऱ्यांना कॅन्सरनं गुंगवून ठेवलंय, हे औषध त्यांना जागं करतं. जागे झाले की ते कॅन्सरवर तुटून पडतात, कधी धडधाकट अवयवांवरही. म्हणून धाप वाढली, जुलाब लागले, लघवी कमी झाली तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. इथवर पटलं. पण माझ्या पहारेकऱ्यांना तर इतकी वर्षं गोळ्या देऊन मीच झोपवलंय, ताई, तुझ्या किडनीसाठी. एकच मोटर एकाच वेळी सुलट नि उलट फिरवायची, असला हा प्रकार. ते उठले तर आधी तिलाच धरतील. शरीराच्या लेखी ती अजून परकीच.

लेक दिलीय तुला, नीट नांदव, असं तू ऑपरेशननंतर म्हणालीस, आणि हसताना दोघांचेही टाके ओढले होते. नांदवली गं. एक गोळी चुकवली नाही, की पाण्याचा एक पेला. आता बाई म्हणतात, ती जाण्याची भीती जवळजवळ निम्मी, आणि गाठ आटण्याची आशा त्याहून कमी. गेली तर उरलेले दिवस डायलिसिसच्या खुर्चीत.

मी सगळ्यांसमोर सांगून टाकलं, बहिणीनं दिलेली वस्तू जुगारात लावणार नाही. बाईंनी फाईल मिटली. हिनं डोळे पुसले. भावोजी फोनवर म्हणाले, मानलं तुला. ऐकून छाती फुगली, खोटं कशाला बोलू. तेव्हापासून घरात सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात. मी गेल्यासारखंच.

बोललो ते खरं नव्हतं. मला जगायचंय, ताई. उमेद फारशी नाही, हिशेब मलाही कळतो, तरी जगायचंय, त्या खुर्चीत बसून का होईना. जन्मात कुणापुढे हात पसरला नाही. किडनीसुद्धा तू न मागता दिलीस. आज पहिल्यांदा मागतोय. ती जाईल, बहुधा फुकट जाईल, आणि तिच्यामागून मीही. हे सगळं कळून विचारतोय. घेऊ का औषध?

तुझाच,
धाकटा