खांडबाऱ्याहून सीझियम निघेपर्यंत

३ जुलै, गुरु.
कागद गिरणी बंद होऊन आज महिना. सगळे गेले. उरलो मी, वॉचमन आणि लगद्याच्या टाकीवरून उतरवलेलं पातळी मोजायचं यंत्र. त्याच्या शिशाच्या डब्यात सीझियम, किरणोत्सर्गी. ते रीतसर मुंबईला परत गेलं की मी मोकळी. सुरक्षा अधिकारी म्हणून सही माझी.
चिऊ, माझी लेक, जूनपासून तिच्या बापाकडे, दिनेशकडे, सुरतेला. पहिलीत घातलीय. फोनवर, "माय, तू कवय येशी?"
म्हटलं, एक डबा धाडना शे, मंग येसू.

५ जुलै, शनि.
मॅनेजर आले. गोडाऊनमधलं जुनं लाकडी खोकं काढलं. "ह्यातच आलं होतं, ह्यातच जाईल. 'मशीनचे पार्ट' लिहा. सोमवारी टेम्पो सुरतेला चाललाय, तिथून पुढे मुंबई. तुम्हीही बसा पुढे, मुलीला भेटाल."
मी लगेच नाही म्हटलं नाही. सोमवारी संध्याकाळी चिऊ दारात उभी असेल, एवढंच डोक्यात.

६ जुलै, रवि.
खोकं उलटं करून पाहिलं. तळ कुजलाय. डब्याच्या झडपेचं कुलूप गंजलंय. टेम्पो घाटात कलंडला, झडप उघडली, चकचकीत काहीतरी म्हणून कुणी उचलून घरी नेलं तर...
मॅनेजरांना फोन. जमणार नाही म्हटलं.
"मग बसा तिथेच," आणि फोन ठेवला.

८ जुलै
आकडेमोड केली. सोर्स, म्हणजे आतलं सीझियम, जुना, जोर बराच उतरलाय. जहाल सोर्ससाठीचा टाइप बी-चा जड पेटारा नको. पण साधं पिंपही चालणार नाही. मधलं, टाइप ए-च. पाण्याचा मारा, आपटणं, वरचा भार, टोकदार दांडा, सगळ्या चाचण्या झालेलं, दाखल्यासकट. पुरवठादार म्हणतो दोन आठवडे लागतील.
दिनेशला सांगितलं. तो म्हणाला, "पोरना दात हाली ऱ्हायना. पहिला."

११ जुलै
दात पडला. फोटो आला. दिनेशच्या तळहातावर, तांदळाएवढा. तिचं तोंड मात्र फोटोत नाही. परत मागितला नाही.

२३ जुलै, बुध.
पिंप आलं. दाखल्यावरचा नंबर पिंपावरच्याशी जुळवला. झडप बंद करून पट्टीने जखडली, डबा आत पक्का बसवला. गळती नाही ना म्हणून बाहेरून पुसलेला कापूस तपासला, स्वच्छ. किरण मोजायचं यंत्र आधी पिंपाला लावून पाहिलं, मग एक मीटर अंतरावरून. किरणोत्सर्गाचं पिवळं लेबल, दुसऱ्या म्हणजे मधल्या वर्गाचं, समोरासमोरच्या दोन बाजूंना. वॉचमनकाका लांबून म्हणाले, "ताई, लग्नना रुखवत धाडी ऱ्हायनात का?" महिन्यात पहिल्यांदा मी हसले.

२५ जुलै, शुक्र.
गाडी गेली. प्रशिक्षित ड्रायव्हर, कागद त्याच्या हातात दिले. फाटकाबाहेर वळली तरी उभी होते.
चिऊला सांगायला फोन केला. शेजारच्या मुलीकडे खेळायला गेलेली.

२७ जुलै, रवि.
पोचल्याचं पत्र नाही. मुंबईत फोन कोणी उचलत नाही. दिनेश म्हणतो, निघून ये, पत्र मोबाइलवर येईल. पण रस्त्यात काही झालं असेल तर पहिला फोन इथल्या नंबरवर येणार, सगळे कागद इथे. बॅग भरली. परत अर्धी काढली.
संध्याकाळी चिऊ फोनवर आली. काहीच बोलेना. मीही. तिचा श्वास ऐकत राहिले, पडलेल्या दाताच्या फटीतून वाजत होता.
"माय, तू शे का?"
शे, म्हटलं.
"कोठे?"