तलावाच्या मधोमध सावधान

आसगाव, १६ ऑगस्ट २०२३

प्रिय अतुल यास डोमा भाऊजीचा कडक जय भीम.

तू आणि तुझं जहाज दोघंही ठणठणीत असाल. इकडे सगळे मजेत आहेत. माझ्या कानात मात्र कालपासून पाणी आहे आणि तुझी ताई माझ्याशी बोलत नाही. दोन्हीला कारण तुझी नेव्ही.

रुचिताला फौजेत जायचंय, हे तुला ठाऊक आहे. साडेसतरा वर्षांची पोर, म्हणून फॉर्मवर बापाची सही लागते. मी आर्मीतून रिटायर झालेला हवालदार. मी आर्मीचा फॉर्म पुढे केला, तर तिनं नेव्हीचा काढला! (मामानं कान भरले असणार.) त्यात शेजारचे कृष्णराव, रिटायर नेव्हीवाले (पंधरा वर्षं जहाजावर पोळ्या लाटल्या, पण चालतात असे की समुद्र यांच्याच नावावर आहे), माझाच चहा पीत म्हणाले, "हवालदारसाहेब, आर्मीले पाण्याचा भेव वाटते." माझं डोकंच सटकलं. पैज लागली: पंधरा ऑगस्टला सकाळी मासेमारीवाल्या धनीरामच्या दोन डोंग्यांतून तलाव ओलांडायचा. जो आधी पोचेल त्याच्या फौजेच्या फॉर्मवर मी मुकाट सही करायची.

अतुल, काय सांगू तुला! अख्खं गाव काठावर! मी असं वल्हं मारलं की कृष्णराव मागेच पडले. (माझा डोंगा दोनदा गोल फिरला, पण पुढे जात फिरला.) मधोमध पोचलो आणि काठावरच्या शाळेत राष्ट्रगीत सुरू झालं. आता तूच सांग, फौजी माणूस बसून राहील? मी ताडकन उभा, सावधान! तिकडे कृष्णरावही उभे, सावधान! डोंग्यात उभं राहायचं नसतं हे धनीरामला माहीत होतं, पण तोही काठावर सावधान, बोलणार कसा? दोन्ही डोंगे कलले आणि आम्ही दोघं सरळच्या सरळ खाली गेलो, हात मांडीला चिकटलेले. यथावकाश बाहेर आलो. बुडताना मी पुढे होतो, म्हणून आर्मी जिंकली.

तुझा,
डोमा भाऊजी

ता. क. यथावकाश म्हणजे रुचितानं राष्ट्रगीत संपायची वाट न पाहता उडी मारली. "बाबा, सावधान मंग करा, आंधी हात द्या!" असं ओरडत तिनं आधी मला आणि मग कृष्णरावांना कॉलर धरून ओढत आणलं. काठावर खोकत खोकत मी विचारलं, "तुले भेव नाही वाटला?" तर म्हणते, "पाण्यात मले बरं वाटते, बाबा." मला रडू आलं रे. ओल्या हातानंच नेव्हीच्या फॉर्मवर सही केली.

ता. ता. क. खरं काम आता सांगतो. पोरगी वर्दी घालून घरी येईल तेव्हा पहिला सलाम मी ठोकणार, आणि तोही नेव्हीचा. आमचा तळवा समोर असतो, तुमचा खाली झुकलेला, एवढंच मला माहीत आहे. नीट चित्र काढून पाठव. कृष्णरावांना विचारायला मी मेलो तरी जाणार नाही. सकाळपासून आरशासमोर करून पाहतोय, पण तळवा आपोआप समोरच येतो.